क्रिया ठरवण्याचा हक्क आणि त्याची किंमत

स्पर्धा परीक्षांच्या तयारीच्या पुस्तकांत एक प्रश्न हमखास सापडतो: अ * ब = अ + ब + अब असेल, तर २ * ३ = किती? विद्यार्थी अ च्या जागी २ आणि ब च्या जागी ३ घालतो, २ + ३ + ६ अशी बेरीज करतो आणि ११ वर खूण करून पुढे सरकतो. पर्यायांत ५ आणि ६ मुद्दाम पेरलेले असतात; घाईघाईत नुसती बेरीज किंवा नुसता गुणाकार करून मोकळा होणारा तिथे फसतो. सांगितले तसे करता येते का, एवढेच प्रश्नाला तपासायचे असते. ही तारका कुणी, कशासाठी ठरवली, हे विचारायची सोय नसते. त्यामुळे सोडवणाऱ्याचा समज होतो, की नवी क्रिया म्हणजे प्रश्न काढणाऱ्याची लहर. आज ही, उद्या दुसरी. हा समज अर्धाच खरा आहे. क्रिया ठरवण्याचे स्वातंत्र्य गणिताला आहे, यात शंका नाही. पण ज्या क्रिया गणितात टिकल्या, त्यांचा इतिहास पाहिला तर दिसते, की त्या कुठल्यातरी अडलेल्या कामासाठी घडवल्या गेल्या, आणि एखादा नियम राखण्यासाठी त्यांना कधीकधी दुसऱ्या नियमावर पाणी सोडावे लागले. हा हिशेब बाराशे वर्षांहून अधिक काळ चालला आहे. परीक्षेतल्या तारकेत तोच हिशेब दडलेला असतो. आपण तो मांडत नाही, इतकेच.

राजस्थानातल्या भिनमाळशी, म्हणजे तेव्हाच्या भिल्लमालाशी, ज्याचे नाव जोडले जाते त्या ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ पुरा केला. ग्रंथ ज्योतिषाचा, पण त्याचा अठरावा अध्याय कुट्टकाचा, आजच्या भाषेत बीजगणिताचा आहे. त्यात वर्गप्रकृतीचा प्रश्न येतो. एक संख्या दिलेली असते, तिला प्रकृती म्हणायचे. असा वर्ग शोधायचा, की त्याला प्रकृतीने गुणून त्यात १ मिळवला तर पुन्हा वर्गच यावा. अपूर्णांक चालणार असतील तर काम फारसे कठीण नाही. पूर्णांकच हवेत म्हटले की दमछाक होते. प्रकृती ९२ घेतली, तर १, २, ३ असे एकेक करत १२० पर्यंत मजल मारल्याशिवाय उत्तर सापडत नाही. ब्रह्मगुप्ताने शोधाची दिशाच बदलली. १ मिळवून वर्ग होत नसेल तर जी संख्या मिळवून होतो ती टिपून ठेवायची. या मिळवायच्या संख्येला क्षेप म्हणतात. ज्याचा वर्ग प्रकृतीने गुणायचा ते कनिष्ठ मूळ, आणि शेवटी येणाऱ्या वर्गाचे मूळ ते ज्येष्ठ. ९२ मध्ये ८ मिळवले की १०० होतात, म्हणजे १० चा वर्ग. तेव्हा कनिष्ठ १, ज्येष्ठ १०, क्षेप ८ असे एक त्रिकूट हाती आले. आता विचारायचे ते हे, की अशी दोन त्रिकुटे जवळ असतील तर त्यांच्यापासून तिसरे घडवता येईल का?

येते, आणि त्याच्या रीतीला पुढे ‘भावना’ हे नाव पडले. एकाचे कनिष्ठ दुसऱ्याच्या ज्येष्ठाने तिरके गुणायचे, मग दुसऱ्याचे कनिष्ठ पहिल्याच्या ज्येष्ठाने. हा झाला वज्राभ्यास. दोन्ही गुणाकारांची बेरीज म्हणजे नवे कनिष्ठ. दोन्ही कनिष्ठांचा गुणाकार प्रकृतीने गुणून त्यात दोन्ही ज्येष्ठांचा गुणाकार मिळवला, की नवे ज्येष्ठ. आणि नवा क्षेप म्हणजे जुन्या क्षेपांचा गुणाकार. वरचे त्रिकूट त्याच्याशीच जोडून पाहू. याला तुल्यभावना म्हणतात. कनिष्ठ आले १० + १० = २०, ज्येष्ठ ९२ + १०० = १९२, क्षेप ६४. क्षेप ६४ आहे, म्हणजे ८ चा वर्ग. म्हणून दोन्ही मुळांना ८ ने भागले तर क्षेप १ वर येतो. मुळे झाली ५/२ आणि २४. पडताळा घ्यावा: ९२ × २५/४ = ५७५, त्यात १ मिळवला की ५७६, म्हणजे २४ चा वर्ग. अपूर्णांक अजून शिल्लक आहे, तर हेच नवे त्रिकूट पुन्हा त्याच्याशीच जोडायचे. कनिष्ठ २ × ५/२ × २४ = १२०, ज्येष्ठ ५७५ + ५७६ = ११५१, क्षेप १. आणि खरोखरच ९२ × १४४०० मध्ये १ मिळवला की १३२४८०१ येतात, तो ११५१ चा वर्ग आहे. हा प्रश्न वर्षभरात सोडवील तो गणिती, असे ब्रह्मगुप्त म्हणतो. त्याच्या रीतीने तो दोन भावनांत आणि एका भागाकारात सुटतो.

प्रथमदर्शनी ही रीत परीक्षेतल्या तारकेहूनही लहरी वाटते. तिरके गुणा, मग सरळ गुणा, मध्येच प्रकृती आणा: हे सुचले कुठून? आजच्या चिन्हांत पाहिले की गूढ उकलते. ज्येष्ठ + कनिष्ठ × √९२ अशी एकेक संख्या मनात धरा आणि अशा दोन संख्यांचा साधा गुणाकार करा. १० + √९२ चा वर्ग १९२ + २०√९२ येतो. भावनेचे तेच दोन आकडे. म्हणजे भावना हा वेष पालटलेला गुणाकार आहे, आणि म्हणूनच तिला गुणाकाराचे सगळे गुण मिळतात: कोणते त्रिकूट आधी, कोणते नंतर, याने उत्तर बदलत नाही, आणि तीन त्रिकुटे जोडताना कोणती दोन आधी जोडली यानेही नाही. आता तारकेकडे परत या. अ + ब + अब मध्ये १ मिळवला की (अ + १)(ब + १) होतात. म्हणजे ही तारकाही एक गुणाकारच आहे, प्रत्येक संख्या एक घर पुढे सरकवून केलेला. त्यामुळे (२ * ३) * ४ साठी ११ + ४ + ४४ = ५९ असे करा किंवा २ * (३ * ४) साठी २ + १९ + ३८ = ५९ असे करा, उत्तर एकच; ३ × ४ × ५ मधून १ वजा. याच्या उलट, दोन संख्यांची सरासरी काढणे ही क्रिया घ्या. दिसायला ती तारकेहून सोपी, आणि क्रम उलटला तरी तीच. पण २ आणि ४ ची सरासरी ३, तिची ८ शी सरासरी साडेपाच. उलट ४ आणि ८ ची आधी काढली तर ६, आणि तिची २ शी सरासरी ४. सरासरींची सरासरी काढणारे अहवाल चुकतात ते यामुळेच. दोन्ही क्रियांत ‘किंमत काढा’ म्हटले तर काम सारखेच आहे. पण एका क्रियेवर पुढची पायरी बांधता येते, दुसरीवर बांधताना कंस सांभाळावे लागतात.

इथे इतिहासाचा अभ्यासक हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. ब्रह्मगुप्ताच्या डोक्यात ‘क्रिया’ अशी वेगळी कल्पना होती, हे आपण आजच्या चष्म्यातून पाहतो आहोत. त्याच्यापुढे होती ती एक युक्ती, उत्तर काढण्याची रीत. याला पुराव्यानेच उत्तर द्यावे लागेल. एकदा वापरून विसरायची युक्ती असती, तर परंपरेने तिचे प्रकार पाडले नसते. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त समासभावना आणि अंतरभावना असे दोन प्रकार स्पष्ट येतात, वज्राभ्यासाची बेरीज घेतली तर एक, वजाबाकी घेतली तर दुसरा. भावनेतून आलेले त्रिकूट पुन्हा भावनेत घालायचे, आणि असे करून हवी तेवढी उत्तरे मिळवायची, हेही त्यांना पक्के ठाऊक होते. सतराव्या शतकाच्या उंबरठ्यावर कृष्ण दैवज्ञ या टीकाकाराने ‘बीजपल्लव’ टीकेत भावनेची स्वतंत्र उपपत्ती दिली. त्याचे घराणे मूळचे विदर्भातल्या दधिग्रामचे, आणि कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाच्या शिष्यपरंपरेत त्याचे शिक्षण झालेले. ज्या रीतीला नाव आहे, प्रकार आहेत, तिच्याच उत्तरांवर जी पुन्हा चालते आणि जिची उपपत्ती वेगळी मांडली जाते, तिला क्रिया म्हणायला अडचण नसावी. मात्र एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. ही क्रिया कोणते नियम पाळते, याची यादी या परंपरेत कुणी केली नाही. नियम वापरले गेले, पण प्रश्न म्हणून कुणी ते समोर ठेवले नाहीत, कारण भावना एकही नियम मोडत नव्हती. जे मोडत नाही त्याकडे लक्ष जात नाही.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये या क्रियेला, फेऱ्याफेऱ्याने नवे त्रिकूट घडवणाऱ्या चक्रवाल पद्धतीची जोड दिली आणि प्रकृती ६१ चे उत्तर काढले. चक्रवाल त्यांच्याही आधीची आहे. जयदेव नावाच्या गणितज्ञाची तिच्यावरची वचने १०७३ च्या एका टीकेत जपली गेली आहेत. ६१ मध्ये ३ मिळवले की ६४, म्हणून सुरुवात कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३ अशी. चक्रवालाचा एक फेरा केला की कनिष्ठ ५, ज्येष्ठ ३९ आणि क्षेप उणे ४ येतात. मुळे अर्धी केली की क्षेप उणे १ होतो, आणि मग भावनांची साखळी सुरू होते. पहिल्या दोन भावनांनंतर मुळे ३८०५ आणि २९७१८ होतात, क्षेप पुन्हा उणे १. आणखी एक तुल्यभावना, आणि क्षेप १ होऊन कनिष्ठ २२६१५३९८०, ज्येष्ठ १७६६३१९०४९ असे उत्तर येते. एकेक आकडा तपासत इथे पोचायला बावीस कोटींहून जास्त पायऱ्या लागल्या असत्या. १६५७ मध्ये फ्रान्सच्या फर्माने युरोपच्या गणितज्ञांना याच जातीच्या प्रश्नांचे आव्हान दिले आणि त्यात नेमका ६१ हाच आकडा होता. भास्कराचार्यांचा ग्रंथ त्याला ठाऊक असल्याची खूण नाही. इकडे ही विद्या टिकली ती शिकवण्याच्या व्यवस्थेमुळे. चाळीसगावजवळच्या पाटण इथला १२०७ चा शिलालेख सांगतो, की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि यादवांच्या मांडलिक निकुंभ घराण्याने त्याला दान दिले. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो शिलालेख उजेडात आणला. ‘बीजगणित’ १६३४-३५ मध्ये शाहजहानच्या काळात फारसीत गेले, आणि १८१७ मध्ये कोलब्रुकने ते इंग्रजीत आणले.

व्याख्या चालली तर काय होते ते भावनेत दिसले. न चालली तर काय होते, ते त्याच परंपरेतल्या शून्यात दिसते. शून्याची बेरीज, वजाबाकी, गुणाकार यांचे नियम ब्रह्मगुप्ताने सरळ लिहून ठेवले, आणि ते आजही तसेच आहेत. मग त्याने भागाकारालाही हात घातला. शून्याला शून्याने भागले तर शून्य, असे तो सांगतो. हा नियम पुढे टिकला नाही. भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटले आणि तिच्यात काहीही मिळवले किंवा वजा केले तरी ती बदलत नाही, असे सांगितले. व्याख्या देखणी आहे, पण तिची किंमत तपासून पाहा. खहर + ५ = खहर असेल आणि नेहमीची वजाबाकी चालू ठेवली, तर दोन्हीकडून खहर वजा करताच ५ = ० येतात, आणि सगळे गणित कोसळते. तेव्हा खहर ठेवायचा तर वजाबाकीचा नियम सोडायला हवा. वजाबाकी ठेवायची तर खहर सोडायला हवा. शाळेच्या गणिताने दुसरा रस्ता धरला आणि शून्याने भागणे निषिद्ध ठरवले. संगणकाने पहिला धरला. १९८५ मध्ये ठरलेल्या आयईईई ७५४ या मानकात १ ला शून्याने भागले तर ‘अनंत’ हे मूल्य येते, त्यात ५ मिळवले तरी अनंतच राहते, आणि अनंतातून अनंत वजा केला की ‘ही संख्याच नाही’ असे वेगळे मूल्य मिळते. या शेवटच्या मूल्याची तुलना त्याच्या स्वतःशी केली तरी उत्तर ‘समान नाही’ असे येते. म्हणजे प्रत्येक वस्तू स्वतःइतकी असते, हा सर्वांत साधा नियमसुद्धा इथे सोडून दिला आहे. हिशेब मधेच बंद पडू नये म्हणून अभियंत्यांनी ही किंमत जाणूनबुजून मोजली.

नियम सोडता येतो, हे उघडपणे म्हणायला युरोपला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. त्याआधी भांडण वेगळेच होते. १७५८ मध्ये फ्रान्सिस मॅसेरिस आणि १७९६ मध्ये विल्यम फ्रेंड या इंग्रज लेखकांनी ऋण संख्याच बीजगणितातून हद्दपार करायला हव्यात असे लिहिले. ३ मधून ५ काढणे ज्याला अर्थाच्या आधाराने समजावता येत नाही, त्याने ते करू नये, असा त्यांचा आग्रह होता. या आग्रहाला हसणे सोपे आहे, पण त्यातला प्रश्न खरा होता: अर्थ हाताशी नसताना चिन्हांचे नियम कोणत्या अधिकाराने चालवायचे? केंब्रिजच्या जॉर्ज पीकॉकने १८३० च्या आपल्या बीजगणितात उत्तर दिले. अंकांचे बीजगणित एक, चिन्हांचे दुसरे. दुसऱ्यात चिन्हांना अर्थ आधी असण्याची सक्ती नाही. मात्र अंकांमध्ये जे नियम सर्वसाधारणपणे खरे आहेत, ते तिथेही अबाधित राहिले पाहिजेत. या एका पावलाने व्याख्येला स्वातंत्र्य मिळाले, आणि त्याच श्वासात ते काढूनही घेतले गेले. नवी चिन्हे आणा, पण जुने नियम जसेच्या तसे पाळा, असा तो करार होता. तो तेरा वर्षेच टिकला.

करार मोडला डब्लिनच्या विल्यम रोवन हॅमिल्टनने, आणि तो का मोडला हे समजायला पुन्हा भावनेकडे यावे लागते. भावनेत प्रकृती उणे १ धरली तर क्षेप म्हणजे दोन वर्गांची बेरीज होते, आणि क्षेपांचा गुणाकार होतो या नियमाचा अर्थ असा होतो, की दोन वर्गांच्या बेरजेला दोन वर्गांच्या बेरजेने गुणले तर पुन्हा दोन वर्गांचीच बेरीज येते. १ आणि ४ मिळून ५, ४ आणि ९ मिळून १३; ५ × १३ = ६५, आणि ६५ म्हणजे ४९ + १६. हे नाते प्राचीन ग्रीक गणिती डायोफँटसच्या ग्रंथातही डोकावते. भूमितीत त्याचा अर्थ होतो, की पातळीतल्या बिंदूंचा गुणाकार असा करता येतो, की लांबींचाही गुणाकारच व्हावा. हॅमिल्टनला हेच अवकाशात, तीन-तीन आकड्यांच्या त्रिकुटांवर करायचे होते, आणि वर्षानुवर्षे ते जमेना. ते जमणारच नव्हते. ३ म्हणजे १ + १ + १, २१ म्हणजे १६ + ४ + १. दोन्ही तीन वर्गांच्या बेरजा. पण त्यांचा गुणाकार ६३ तीन वर्गांत मांडताच येत नाही. १६ ऑक्टोबर १८४३ रोजी रॉयल कालव्याच्या काठाने चालताना त्याला सुचले, की तीन सोडून चार आकडे घ्यावेत. चार वर्गांचे असे नाते ऑयलरला १७४८ पासून ठाऊक होते. पण चार आकडे घेतल्यावर दिसले, की लांबींचा नियम राखायचा तर गुणाकाराचा क्रम बदलल्यावर चिन्ह बदलते. नव्या एककांना आय, जे, के म्हटले, तर आय गुणिले जे म्हणजे के, पण जे गुणिले आय म्हणजे उणे के. हॅमिल्टनने लांबींचा नियम ठेवला आणि अ × ब = ब × अ हा नियम सोडला. त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा मित्र जॉन ग्रेव्हज आठ आकड्यांवर गेला, तेव्हा कंस कुठे टाकावा याचेही स्वातंत्र्य गेले. १८९८ मध्ये गणितज्ञ हुर्विट्झने सिद्ध केले, की लांबींचा हा नियम राखणारे गुणाकार एक, दोन, चार आणि आठ आकड्यांवरच शक्य आहेत. पुढे रस्ताच बंद. दराचा तक्ता इतका काटेकोर क्वचितच मिळतो.

यानंतर बांध फुटला. जॉर्ज बूलने १८४७ मध्ये तर्कशास्त्राला बीजगणिताचे रूप दिले, तेव्हा त्याच्या गुणाकारात एखादी गोष्ट स्वतःशीच गुणली तर तीच राहत होती. ‘काळ्या’ वस्तूंमधल्या ‘काळ्या’ वस्तू निवडल्या तरी काळ्याच उरतात. साध्या संख्यांमध्ये हा नियम फक्त ० आणि १ पाळतात, आणि संगणकाची मंडले याच दोन आकड्यांवर चालतात. १८५४ मध्ये आर्थर केलीने उलट टोकाने विचार मांडला: वस्तू कोणत्या ते बाजूला ठेवा, कोणत्या दोन जोडल्या की कोणती मिळते याचा तक्ता तेवढा द्या. तारका म्हणून जे चिन्ह आज परीक्षेत छापले जाते, त्याचा खरा पूर्वज हा तक्ता आहे.

इथे दुसरी हरकत येते: भिनमाळ आणि डब्लिन यांची सांगड घालून भारतीय गणिताला उगाच आधुनिकतेचे प्रशस्तिपत्र दिले जात नाही ना? तसे करायचे कारण नाही. कोलब्रुकचे भाषांतर हॅमिल्टनच्या शोधाआधी पाव शतक छापलेले असले, तरी त्याच्या चार आकड्यांच्या गुणाकारामागे भावना होती असे म्हणता येत नाही; त्याची वाट वेगळी होती. पण दोन्हीकडचे लोक एकमेकांना ओळखत नव्हते, यानेच मुद्दा बळकट होतो. एकीकडे पूर्णांकी वर्ग शोधायचे होते, दुसरीकडे अवकाशातली दिशा मोजायची होती. तरी दोघांनी राखायला निवडलेली गोष्ट तीच होती, की जोडलेल्या वस्तूचे माप म्हणजे मूळ मापांचा गुणाकार. ब्रह्मगुप्ताला ती फुकट मिळाली, हॅमिल्टनला तिच्यासाठी क्रमाचा नियम द्यावा लागला. व्याख्या लहरीने ठरत असती, तर इतक्या दूरच्या दोन माणसांची लहर एकाच जागी येऊन थांबली नसती.

मग शाळेत ही तारका नुसती लहर होऊन का पोचली? १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेत शालेय गणित नव्याने बांधण्याची घाई झाली. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या स्कूल मॅथेमॅटिक्स स्टडी ग्रुपच्या पुस्तकांतून संच, क्रिया आणि त्यांचे नियम लहान वर्गांत उतरले. ‘नवे गणित’ या नावाने ही लाट जगभर पसरली. मुले क्रमनिरपेक्षता आणि साहचर्य ही नावे पाठ करू लागली, पण हे नियम कधी मोडतात हे त्यांनी पाहिलेले नव्हते. १९७३ मध्ये गणितज्ञ मॉरिस क्लाइनने या प्रयोगावर झोड उठवली, आणि लाट ओसरली. अनेक ठिकाणी ओसरताना तिने नियमांची चर्चा नेली आणि मागे तारका ठेवली, कारण तारकेवरचा प्रश्न काढायला सोपा, तपासायला त्याहून सोपा. यावरून कुणी म्हणेल, की नियमांची चर्चा शाळेत फसलेलीच आहे, तेव्हा सूचना नीट वाचून आकडे घालण्याचा सराव पुरेसा आहे. सूचना नीट वाचणे हे कौशल्य कमी मोलाचे नाही, हे खरे. पण नवे गणित फसले ते नियम शिकवल्याने फसले, असा निष्कर्ष निघत नाही. तिथे नियमांची नावे आधी आली आणि गरज मागाहून, किंवा आलीच नाही. इतिहासाचा क्रम याच्या उलट आहे: आधी ९२ चा प्रश्न अडला, मग भावना आली, आधी त्रिकुटांचा गुणाकार अडला, मग क्रमाचा नियम सोडण्याची हिंमत झाली.

शिक्षकाला यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही. २ * ३ = ११ लिहून झाल्यावर त्याच तारकेवर आणखी तीन प्रश्न विचारता येतात. ३ * २ किती? (२ * ३) * ४ आणि २ * (३ * ४) सारखे येतात का, आणि येत असतील तर का? अशी कोणती संख्या आहे, की तिच्याशी जोडल्यावर दुसरी संख्या बदलत नाही? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ० आहे, आणि ते सापडले की चौथा प्रश्न आपोआप येतो: प्रत्येक संख्येला अशी जोडीदार आहे का, की दोघींचे मिळून ० व्हावे? उणे १ ला नाही, कारण एक घर पुढे सरकवले की ती शून्य होते, आणि शून्याने गुणलेले परत मिळवता येत नाही. खहराची अडचण इथे, पाचव्या ओळीत, आठवीच्या मुलासमोर उभी राहते. हेच चार प्रश्न सरासरीला विचारले, तर दुसऱ्याच प्रश्नाला ती अडते. अकरा हे उत्तर बरोबर असूनही अपुरे का आहे, हे अशा तुलनेतून कळते, आणि त्यासाठी एकही पारिभाषिक शब्द आधी पाठ करावा लागत नाही. व्याख्या कुणालाही करता येते. ती काय राखते आणि काय गमावते, हे विचारले गेले तरच तिची किंमत काढली असे म्हणता येईल.